जुन्या संगणकास नवी स्मृति

संगणक जुना झाला म्हणजे तो मंद होतो, अशी एक समजूत आपल्या घरांतून रूढ झाली आहे. आणि दुकानदारांस ती सोईची असल्यामुळें ती दूर करण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं. माणूस वृद्ध झाला कीं त्याचे पाय मंदावतात हें खरें. परंतु संगणकांतील गणित करणारा जो भाग, तो दहा वर्षांपूर्वीं एका सेकंदांत जेवढे हिशेब करीत असे तेवढेच आजही करितो. मग यंत्र उघडावयास सहा-सात मिनिटें कां लागतात? पत्र लिहावयास घ्यावें तर पहिलें अक्षर उमटण्यापूर्वीं पडद्यावर तें चक्र गरगर कां फिरत राहातें? नवे कार्यक्रम पूर्वींपेक्षां जड झाले, हें एक कारण आहेच. पण बहुतेक घरीं मुख्य कारण दुसरेंच असतें. गणित करणारा आपलें काम चोख करितो. त्याला आंकडे आणून देणारा गडी मात्र लंगडा असतो. त्या गड्याचें नांव हार्ड डिस्क.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांची चळत. ती अखंड फिरत असते आणि ग्रामोफोनच्या सुईप्रमाणें एक बारीक दांडा तिच्यावरून पुढें-मागें सरकत असतो. ही युक्ति जुनी आहे. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें जें पहिलें असें यंत्र विक्रीस काढलें, त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्याचें वजन एका टनाहून अधिक होतें, आणि एवढ्या खटाटोपांत अवघीं ५० लाख अक्षरें मावत. पुढें तबकडी लहान झाली, तींत लाखोपट मजकूर मावूं लागला, पण मूळ अडचण तशीच राहिली. साध्या लॅपटॉपमधील तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवा तो भाग दांड्याखालीं येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच मिलिसेकंद, वाट पाहावीच लागते. दांडा योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी दहा-बारा. बेरीज केली तर एका सेकंदांत पन्नास-साठ ठिकाणचाच मजकूर आणतां येतो. आणि संगणक सुरू होतांना तर हजारों ठिकाणचे लहान लहान तुकडे त्याला हवे असतात. सहा मिनिटें कोठें जातात तें आतां ध्यानांत येईल.

एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हिच्यांत फिरणारें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका ह्या जपानी शास्त्रज्ञानें १९८४ सालीं फ्लॅश नांवाची स्मृति जगापुढें मांडली, व १९८७ सालीं तिचा नँड हा प्रकार. तोच आज पेनड्राइव्हांत, मोबाइलमध्यें व एसएसडींत वापरला जातो. विजेचा सूक्ष्म भार आंत कोंडून ठेवणाऱ्या अब्जावधि कोठड्या. दार बंद झालें कीं वीज गेली तरी भार आंतच राहातो. नैयायिक स्मृतीला संस्कारापासून उपजणारें ज्ञान म्हणतात; अनुभव संपला तरी संस्कार राहातो, व प्रसंग पडला कीं तोच जागा होतो. येथें संस्काराच्या जागीं विजेचा भार आहे एवढेंच. दांडा सरकावयाचा नाहीं, तबकडी फिरावयाची नाहीं; म्हणून कोणत्याही कोठडीपर्यंत पोंचण्यास मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. सतरा-अठरा मिलिसेकंदांच्या जागीं एक दशांश! जुन्या यंत्रास हा एकच भाग नवा घातला असतां पालट एवढा दिसतो, कीं घरच्या मंडळींस यंत्रच नवें आणलें असें वाटतें.

नवी मुंबईंत तुर्भें आणि कोपरखैरणें यांच्या मध्यें पावणें हें गांव आहे. मूळ गांवाभोंवतीं औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पसरलेली. तेथील एका कुटुंबाची २०२४ च्या पावसाळ्यांतली हकीकत सांगतों, कारण ह्या विषयांतील बहुतेक प्रश्न तींत एकत्र आले होते. गृहस्थ एका कारखान्यांत हिशेबनीस. मुलगी बारावीच्या शास्त्र शाखेंत. घरांत २०१६ सालीं घेतलेला लॅपटॉप. तो उघडावयास सात मिनिटें लागत, आणि अभ्यासाचीं व्याख्यानें मध्येंच अडत. दुकानांत विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "ह्यांत आतां राम नाहीं, पंचेचाळीस हजारांचा नवा घ्या, हप्ते करून देतों." घरची बाई व्यवहारी. त्या मजकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मुलीच्या क्लासच्या फीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. ते मोडून यंत्र घ्यावें, कीं यंत्रावांचून हें वर्ष काढावें, एवढेंच मला सांगा." मी म्हटलें, "वहिनी, दोन्ही करूं नका. आधीं आंतली डिस्क काय म्हणते तें पाहूं."

डिस्कची प्रकृति पाहाण्याचें क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून एक फुकट साधन आहे. त्यांत पिवळी खूण दिसली. तबकडीवरील कित्येक जागा निकामी होऊन त्यांचा मजकूर राखीव जागेंत हलविला गेला होता. म्हणजे यंत्र केवळ मंद नव्हतें. त्यांतील स्मृति झिजत चालली होती. आणि तेव्हां त्या गृहस्थांनीं हळूच सांगितलें कीं, त्यांच्या मातुःश्रींनीं म्हटलेलीं मंगळागौरीचीं गाणीं, अकरा, ह्याच यंत्रांत ध्वनिमुद्रित करून ठेविलेलीं आहेत. मातुःश्री २०२१ मध्यें वारल्या. दुसरी प्रत कोठेंही नाहीं. फीचा प्रश्न मग दुसरा झाला.

म्हणून एसएसडी निवडण्याच्या आधींची पायरी प्रथम सांगतों. डिस्क टकटक असा आवाज करूं लागली, किंवा वरील साधनानें पिवळी-तांबडी खूण दाखविली, तर संबंध डिस्कची नक्कल करण्याच्या मागें एकदम लागूं नये. मरणोन्मुख डिस्कला अखेरपर्यंत वाचावयास लावणें म्हणजे आजाऱ्याला पर्वती चढावयास लावण्यासारखें आहे. जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं काढावें: फोटो, आवाज, घरचे कागद. सिनेमे व उतरवून घेतलेले कार्यक्रम पुन्हां मिळतात. एखादी फाइल अडली तर तिच्याशीं झगडत न बसतां पुढें जावें आणि अडलेल्या शेवटीं घ्याव्या. पावण्याच्या त्या डिस्कवरून नऊ गाणीं पहिल्या दमांत निघालीं. दोन अडलीं. इतर सर्व काढून झाल्यावर डीडीरेस्क्यू नांवाच्या फुकट साधनानें पुन्हां प्रयत्न केला. एक सबंध निघालें, दुसऱ्याचीं शेवटचीं दोन कडवीं गेलीं तीं गेलींच. ती फाइल त्यांनीं तशीच तुटकी जपून ठेविली आहे.

आतां निवड. बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्या यंत्राच्या पोटांत कोणती जागा आहे हें कळलें पाहिजे, कारण एसएसडी मुख्यत्वें दोन आकारांत मिळते. पहिला आकार अडीच इंची. पत्त्यांच्या जोडापेक्षां थोडा मोठा, सात मिलिमीटर जाडीचा. तो साटा नांवाच्या जोडणीवर चालतो, आणि जेथें लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क बसली होती तेथेंच बसतो. दुसरा आकार एम.२, च्युइंगगमच्या वडीसारखी उघडी पट्टी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० लांब. ह्या दुसऱ्याची एक खोच आहे. आकार एकच असला तरी त्यांत साटावर चालणाऱ्या आणि एनव्हीएमई पद्धतीवर चालणाऱ्या अशा दोन जाति आहेत. दिसावयास सख्ख्या बहिणी, पण एकीच्या घरीं दुसरी नांदत नाहीं. ज्या खांचेंत केवळ साटा चालते तींत एनव्हीएमई बसविली तर यंत्राला ती दिसतच नाहीं. म्हणून आपल्या यंत्राच्या नमुन्याचा क्रमांक तळाच्या चिकटपट्टीवरून उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपत्रकांत पाहावें. साधारण २०१५-१६ पर्यंतच्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा अडीच इंचीचीच सोय सांपडेल.

येथें आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. साटाची एसएसडी सेकंदाला सुमारें ५५० मेगाबाइट वाचते, एनव्हीएमई ३,५०० किंवा त्याहून अधिक. तेव्हां दुसरी सहा-सातपट चांगली, असें तरुण मंडळी सांगतात. मोठमोठ्या चित्रफिती इकडून तिकडे नेणाऱ्यास तें खरें आहे. पण घरच्या कामांत लाभ होतो तो मुख्यतः शोधाचा वेळ वांचल्यामुळें, आणि तो दोहींत जवळ जवळ सारखाच वांचतो. बैलगाडींतून उतरून आगगाडींत बसणाराला मेल आणि एक्स्प्रेस यांतला फरक फारसा जाणवत नाहीं. आपल्या यंत्रांत साटाचीच सोय असेल तर हळहळण्याचें कारण नाहीं. फार जुन्या यंत्रांत साटाची दुसरी आवृत्ति असते व तींत वेग निम्म्यावर येतो. तरीही एसएसडी घालणें फायद्याचें ठरतें, मात्र तेथें महागडी घेणें व्यर्थ.

आकारमान किती घ्यावें? आपण आज किती जागा वापरतों तें प्रथम पाहावें. विंडोज व नेहमींचे कार्यक्रम मिळून सत्तर-ऐंशीं गिगाबाइट सहज खातात, आणि एसएसडीचा पांचवा हिस्सा नेहमीं रिकामा ठेविला पाहिजे, कारण आंतल्या व्यवस्थेला हालचालीस मोकळी जागा लागते. केवळ पत्रव्यवहार, बँकेचें काम व मुलांचा अभ्यास एवढ्यास २४० किंवा २५० पुरते. फोटोंचा सांठा असेल तर ५००. ह्याहून मोठी घेण्यापेक्षां जुनीच डिस्क, ती निरोगी असल्यास, बाहेरून जोडून सांठवणीस ठेवावी. किंमतींत निवड करण्यास आपलें शाळेंतलें त्रैराशिक पुरे. समजा २४० ची पेटी २,४०० रुपयांस आणि ५०० ची ३,५०० रुपयांस मिळते. तर पहिलींत गिगाबाइटला १० रुपये पडले, दुसरींत ७. स्वस्त वाटणारी पेटी महाग निघाली. हा भागाकार दुकानांतच उभ्यानें करावा.

खरोखरीचे भाव येथें छापण्यांत अर्थ नाहीं, कारण ते स्थिर राहिलेले नाहींत. २०२३ मध्यें ५०० ची साधी पेटी अडीच-तीन हजारांच्या आसपास येत असे. २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या चिपांचे भाव जगभर झपाट्यानें चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठीं जीं विराट माहितीकेंद्रें उभीं राहात आहेत, त्यांनीं माल उचलण्यास सुरुवात केली हें त्याचें मोठें कारण. अशीं माहितीकेंद्रें ठाणें-बेलापूर रस्त्याच्या बाजूनें महापें, रबाळें, ऐरोली येथेंही उभीं आहेत. पावण्याच्या गृहिणीनें ज्या वस्तूकरितां चार पैसे बाजूला टाकले, तीच वस्तु जगांतलीं असलीं गोदामें गाड्या भरभरून नेत आहेत. बाजारांत कोणाची ओढ अधिक हें सांगावयास नको. मायक्रॉन ह्या अमेरिकन कंपनीनें तर ३ डिसेंबर २०२५ रोजीं जाहीर करून टाकलें कीं, क्रुशल ह्या नांवानें घरगुती गिऱ्हाइकांस माल विकण्याचा धंदा आपण बंद करीत आहों, व माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच पाठवूं. विकलेल्या मालाची हमी मात्र पाळण्याचें तिनें कबूल केलें. घरगुती गिऱ्हाइकांत हें नांव स्वस्त आणि बरें म्हणून गणलें जात होतें. भाव उतरतील म्हणून निरोगी यंत्राच्या मालकानें हवें तर थांबावें. ज्याची डिस्क कुरकुरूं लागली आहे त्यानें थांबूं नये.

पेटीवर टीएलसी किंवा क्यूएलसी अशीं अक्षरें असतात, किंवा माहितीपत्रकांत तीं सांपडतात. प्रत्येक कोठडींत किती अंक कोंबले त्याची ही खूण. टीएलसींत तीन, म्हणून भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसींत चार, म्हणून सोळा. एकाच मापावर आठ रेघा ओढल्या तर दूध किती आहे तें चटकन् कळतें. सोळा ओढल्या तर डोळे बारीक करून पाहावें लागतें आणि चूक होण्याचा संभव वाढतो. शिवाय कोठडी पुसून लिहितां लिहितां झिजते. म्हणून किंमतींत फरक थोडा असेल तर टीएलसी घ्यावी. झिजण्याची धास्ती मात्र फार घेऊं नये. कंपनी टीबीडब्ल्यू ह्या नांवानें एक आंकडा देते. समजा तो १२० आहे. ह्याचा अर्थ १२० टेराबाइट, म्हणजे १,२०,००० गिगाबाइट, लिहीपर्यंत हमी. घरगुती यंत्रावर रोज २० गिगाबाइट लिहिले गेले असें धरलें, आणि तें पुष्कळच झालें, तरी ६,००० दिवस होतात. सोळा वर्षांहून अधिक. त्यापूर्वीं लॅपटॉपच्या बिजागऱ्या तुटलेल्या असतील. तेव्हां हमीचीं वर्षें पाहावीं. तीन असतात किंवा पांच. पांचांची बरी.

खरेदी कोठें करावी? मुंबईकरांस ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड ठाऊक आहेच. १९०३ ते १९०७ ह्या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव कागदोपत्रीं जाऊन तेथें डॉ. दादासाहेब भडकमकर यांचें आलें, पण रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सर्व कांहीं विकणाऱ्या त्या बाजाराला लोक अजून जुन्याच नांवानें हांक मारतात. तेथें भाव चार दुकानीं विचारावा. घांसाघीस चालते, परंतु जीएसटीचें पक्कें बिल आणि त्यावर वस्तूचा अनुक्रमांक हीं घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत, कारण हमीचा झगडा पुढें त्याच कागदावर चालतो. बिल नको तर दोनशें कमी, असें कोणी सुचविलें तर नमस्कार करून पुढील दुकानीं जावें. घरबसल्या मागवावयाचें असेल तर विकणारा कोण हें पाहावें. अनोळखी नांवाची दोन टेराबाइटची पेटी हजार-बाराशें रुपयांस मिळत असेल तर ती फसवणूक समजावी. असल्या पेट्यांत लहानसें कार्ड बसवून मोठा आंकडा दाखविण्याची लबाडी केलेली असते. एच२टेस्टडब्ल्यू हें साधन पेटी पूर्ण भरून पुन्हां वाचून पाहातें, व लबाडी उघडकीस आणतें. उलट, ५०० ची पेटी यंत्रांत ४६५ दाखविते तेव्हां दुकानदारावर रागावूं नये. कंपनी हजाराचा पट धरते आणि विंडोज १,०२४ चा. तीन वेळां भागलें कीं हा फरक पडतो.

बसविण्याचें काम भीतीचें नाहीं, धिमेपणाचें आहे. दोन मार्ग आहेत. डिस्क निरोगी असेल तर साटा ते यूएसबी अशी केबल घेऊन नवी पेटी बाहेरून जोडावी आणि क्लोनझिला ह्या फुकट साधनानें, अथवा कंपनी देत असल्यास तिच्या साधनानें, जशीच्या तशी नक्कल उतरवावी. क्लोनझिलाची एक अट अशी कीं, नवी पेटी जुन्या डिस्कहून लहान असेल तर आधीं जुन्या डिस्कवरील विभाग आंखडून घ्यावे लागतात. निळ्या यूएसबी खांचेंत तासाभराचें काम. जुन्या खांचेंत ३०० गिगाबाइटला अडीच तास धरावे. डिस्क आजारी असेल तर नक्कल न करितां नव्या पेटींत सर्व नव्यानें मांडावें, व वांचविलेल्या फाइली मागाहून आणाव्या. कोणताही मार्ग धरला तरी त्यापूर्वीं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचें कुलूप, लागलेलें आहे काय हें पाहून तें काढावें अथवा त्याची ४८ आंकडी किल्ली कागदावर उतरून घ्यावी. किल्ली नसली कीं स्वतःच्याच घराबाहेर उभें राहावें लागतें.

नव्यानें मांडणाऱ्या मराठी माणसानें आणखी एका गोष्टीस जपावें, आणि ती इंग्रजी पुस्तकांत कोठें सांगितलेली नसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं आपण जें मराठी टंकलेखन केलें तें युनिकोडमध्यें नव्हतें. तें श्रीलिपि, आकृति किंवा शिवाजी अशा त्या त्या टंकांत होतें. तो टंक यंत्रांत नसला तर फाइल उघडते, पण आजोबांच्या आठवणींच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कालवा दिसतो. कुलवृत्तान्ताचीं हस्तलिखितें, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका असा केवढा तरी मजकूर आपल्याकडे अजून ह्या स्थितींत आहे. म्हणून जुनी डिस्क काढण्यापूर्वीं विंडोजमधील फॉन्ट्स हा संपूर्ण कप्पा उचलून वेगळा ठेवावा. मग सवडीनें तो मजकूर युनिकोडमध्यें पालटून घ्यावा. तशीं साधनें उपलब्ध आहेत, फक्त जोडाक्षरें डोळ्यांखालून घालावीं लागतात.

आतां प्रत्यक्ष हातकाम. यंत्र पूर्ण बंद करावें, तार काढावी, बॅटरी सुटी निघत असेल तर काढावी. आंत बसविलेली असेल तर झांकण उघडल्यावर तिची जोडणी प्रथम सोडवावी. अंगांतील विजेनें चिप बिघडते, म्हणून आरंभीं एखाद्या धातूच्या वस्तूस हात लावावा. आपल्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, हा धोका थोडा. पुण्याच्या थंडींत लोकरीचा स्वेटर घालून बसणाऱ्यानें अधिक जपावें. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. ते एका वाटींत टाकूं नयेत. कागदावर यंत्राची आकृति काढून ज्या त्या जागीं ठेवावे. लांब स्क्रू आखूड जागीं पिळला तर खालची पाटी भोंसकली जाते. झांकणाच्या कडा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनें उचकटाव्या, लोखंडानें नव्हे. जुनी डिस्क एका चौकटींत बसविलेली असते. ती चौकट सोडवून नवीस लावावी आणि खांचेंत अलगद सरकवावी. साटाची जोडणी इंग्रजी एल् अक्षरासारखी असल्यामुळें उलटी बसत नाहीं. बसत नसेल तर जोर न करितां पाहावें. एम.२ ची पट्टी सुमारें तीस अंशांत तिरपी घालून मग दाबावी आणि टोंकाला एक स्क्रू लावावा. मेजावरच्या संगणकांत अडीच इंची पेटी बसविण्यास चारशें-पांचशेंची चौकट माथीं मारतात. आंत हलणारें कांहीं नसल्यामुळें ती कोणत्याही अंगानें ठेविली तरी चालते, दोन स्क्रूंवर घट्ट बसली म्हणजे झालें.

यंत्र सुरू करून ती ओळखली गेली काय हें बायोसमध्यें पाहावें, आणि तेथें साटाची रीत एएचसीआय आहे याची खात्री करावी. पावण्याचा तो लॅपटॉप त्या संध्याकाळीं पंचवीस सेकंदांत उघडला. पेटी, केबल व जुन्या डिस्कचें आवरण मिळून साडेचार हजारांच्या आंत काम झालें. फीचे पैसे फीलाच गेले.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा थांबविला, आणि विंडोज ११ साठीं लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व नव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या यंत्रांत बहुधा नसतो. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. एसएसडीनें हा दोष जात नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबंटु घालून पाहावें. अभ्यास, पत्रव्यवहार व मराठी लेखन तेथें उत्तम चालतें. मात्र हिशेबाचे कांहीं कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालतात, ते ज्याला लागतात त्यानें आधीं विचार करावा. यंत्रांत चारच गिगाबाइट रॅम असेल तर तींत आणखी चार घालावी. तिच्यावांचून एसएसडीचा अर्धा लाभ वायां जातो.

बसविल्यानंतर पेटीस जुन्या रीतीनें डिफ्रॅग करूं नये. तें तबकडीचें औषध होतें. विंडोज आपण होऊनच ट्रिम नांवाची झाडलोट करितें. पण ट्रिममुळेंच पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळ जवळ उरत नाहीं, आणि हार्ड डिस्क मरण्यापूर्वीं टकटक करून सूचना तरी देते, एसएसडी पुष्कळदां न सांगतां जाते. तशीच ती वर्षानुवर्षें कपाटांत ठेवण्याची वस्तु नव्हे. जेडेकच्या मानकाप्रमाणें, लिहिण्याची हमी संपलेली घरगुती पेटी ३० अंश उष्णतेंत विजेवांचून एक वर्ष मजकूर टिकवील एवढीच अपेक्षा आहे. नवी पेटी अधिक टिकविते, तरी दीर्घ सांठवणीस जुनी निरोगी हार्ड डिस्कच बरी. ती तीनचारशें रुपयांच्या आवरणांत घालून दर महिन्यास प्रत काढावी, आणि शक्य तर दुसऱ्या गांवीं लेकीकडे किंवा भावाकडे आणखी एक ठेवावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तळमजल्यावरील किती घरांत यंत्र आणि त्याची प्रत हीं एकाच कपाटांत भिजलीं असतील!

जुनी डिस्क ठेवावयाची नसेल तर ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं पुसावी. नुसतें क्विक फॉर्मॅट केल्यानें अनुक्रमणिका तेवढी फाटते, पुस्तक तसेंच राहातें. पूर्ण फॉर्मॅट करून सर्व तबकडीवर एकदां शून्यें लिहवून घ्यावीं. एसएसडी टाकावयाची झाल्यास हा उपाय पुरेसा नाहीं, कारण आंतली व्यवस्था लिहिण्याच्या जागा आपण होऊन बदलीत असते. तेथें कंपनीच्या साधनांतील सिक्युअर इरेज वापरावें. आणि दोन्ही वस्तु भंगारांत न घालतां, १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें, नोंदणी झालेल्या ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्याव्या.